लेसर, मिरगी आणि चिठ्ठीवरची तारीख



तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पेरण्या आटोपल्या होत्या. घाटंजी तालुक्यातले एक शेतकरी माझ्या दवाखान्यात आले. बरोबर त्यांची वीस-एकवीस वर्षांची मुलगी. मुलीला लहानपणापासून मिरगीचा आजार, आणि मी तिचा जुना डॉक्टर. एरवी हे गृहस्थ आले की चिठ्ठी पुढे करायचे, मी औषधे लिहून द्यायचो आणि ते दुपारची एस.टी. गाठायचे. त्या दिवशी त्यांनी चिठ्ठीआधी प्लॅस्टिकच्या पिशवीतून वर्तमानपत्राचे एक कात्रण काढले.

"डाक्टर साहेब, यात लिवलं हाये, डोकं न फाडता लेसरनं मिरगी बरी होते. आमच्या पोरीचं होईन का जी? वावर इकाचं काम पडलं तरी इकतो."

बाहेर गर्दी होती. मी कात्रणावर नजर टाकली आणि म्हणालो, "भाऊ, हे अमेरिकेतलं आहे. तुम्ही गोळ्या चालू ठेवा." त्यांनी कात्रण पुन्हा घडी करून पिशवीत ठेवले आणि ते निघून गेले.

माझे उत्तर खोटे नव्हते, पण त्यांच्या प्रश्नाचे ते उत्तरही नव्हते. ते नीट द्यायचे तर मिरगी म्हणजे काय, गोळ्यांनी काय होते, शस्त्रक्रिया कुणासाठी असते आणि लेसर नेमके काय करतो, हे सगळे क्रमाने सांगायला हवे होते. ते आज तुम्हाला सांगतो.

आपल्या मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म लहरींनी बोलतात. या बोलण्याला एक लय असते. कधी एखाद्या भागातल्या असंख्य पेशी एकाच वेळी, लय सोडून वीज सोडू लागतात. हीच फिट. हे वादळ सगळ्या मेंदूत पसरले तर माणूस पडतो, हातपाय आखडतात, तोंडाला फेस येतो. ते एका कोपऱ्यातच राहिले तर माणूस पडतही नाही. नुसता टक लावून पाहतो, तोंड चघळल्यासारखे हलवतो, ओढणीशी चाळा करतो. मिनिटा-दोन मिनिटांनी भानावर येतो तेव्हा त्याला काही आठवत नाही. या दुसऱ्या प्रकाराला आपल्याकडे मिरगी म्हणतच नाहीत. 'बाहेरचं' झालं म्हणतात आणि मुलीला भगताकडे नेतात. ही मुलगीही पहिली दोन वर्षे तशीच हिंडली. "पोटातून कायतरी वर येते, मंग मले समजत नाही," असे ती सांगायची. हे वाक्य मेंदूच्या डॉक्टरने ऐकले तर त्याला रोगाची जागा निम्मी कळते, कारण कानाच्या वर, आतल्या बाजूला जो मेंदूचा भाग असतो, तिथून निघणारी फिट पुष्कळदा अशीच सुरू होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे. वेळेवर निदान आणि नियमित औषध मिळाले तर त्यांतले ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय आयुष्य काढू शकतात. हा संसर्ग नाही, वेड नाही, आणि लग्नाला कायद्याची आडकाठीही नाही. हिंदू विवाह कायद्यात 'मिरगीचे वारंवार झटके' ही अट पूर्वी होती, ती १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकली गेली.

झटका आला की आपण चप्पल किंवा कांदा हुंगवतो, दातांत चमचा घालतो. यातले काहीही करू नका. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, जवळची चूल, विळा, दगड बाजूला करा आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर १०८ ला फोन करा.

आता औषधांविषयी. मिरगीवरचे फेनोबार्बिटोन हे औषध १९१२ पासून वापरात आहे, फेनिटॉइन १९३८ पासून. पुढे कार्बामॅझेपिन, व्हॅलप्रोएट, लेव्हेटिरासिटाम अशी अनेक औषधे आली. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या डॉक्टरांनी आधी कधीही औषध न घेतलेल्या ४७० रुग्णांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला आणि २००० साली निष्कर्ष छापले. पहिल्याच औषधाने ४७ टक्के रुग्णांच्या फिट थांबल्या. पहिले लागू न पडल्यावर दुसऱ्या औषधाने आणखी १३ टक्क्यांच्या. त्यानंतर तिसरे औषध दिले, दोन-दोन औषधे एकत्र दिली, तरी जेमतेम ४ टक्क्यांची भर पडली.

हे आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. दोन योग्य औषधे, योग्य मात्रेत, नियमित घेऊनही फिट येत राहिल्या, तर तिसऱ्या-चौथ्या गोळीने चमत्कार होण्याची आशा फार थोडी. म्हणूनच मिरगीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये व्याख्या ठरवून दिली: अशी दोन औषधे अपयशी ठरली की तो रुग्ण 'औषधाला न जुमानणारा' समजायचा. याचा अर्थ आशा सोडायची असा नाही. त्याला मिरगीच्या तज्ज्ञ केंद्रात पाठवण्याची वेळ आली, असा त्याचा अर्थ. मात्र 'नियमित' या शब्दावर जोर आहे. पैसे नाहीत म्हणून अर्धी गोळी घेणे, उपवासाच्या दिवशी चुकवणे, दोन महिने बरे वाटले म्हणून बंद करणे, या कारणांनी येणाऱ्या फिटला औषधाचे अपयश म्हणता येत नाही.

तज्ज्ञ केंद्रात काय करतात? आधी खास पद्धतीने एमआरआय काढतात. मग रुग्णाला काही दिवस दाखल करून डोक्याला तारा लावतात, समोर कॅमेरा ठेवतात आणि फिट येण्याची वाट पाहतात. याला व्हिडिओ ईईजी म्हणतात. वादळ कुठून उठते ती जागा आणि एमआरआयमध्ये दिसणारा दोष, दोन्ही एकाच ठिकाणी सापडले आणि तो भाग काढल्याने बोलणे, चालणे, आठवण यांना धक्का बसणार नसेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो.

ही शस्त्रक्रिया नवी नाही. लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्स्ले यांनी १८८६ मध्ये मिरगीसाठी मेंदूची शस्त्रक्रिया केली होती. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब चांडी यांनी ती १९५२ मध्ये केली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून या शस्त्रक्रियांचा पद्धतशीर कार्यक्रम सुरू झाला. तिचा उपयोग किती, याचा पुरावाही आपल्याच देशातून आला आहे. दिल्लीच्या 'एम्स'मध्ये औषधाला न जुमानणाऱ्या ११६ मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाची शस्त्रक्रिया केली, दुसऱ्याला औषधांवर ठेवले. वर्षाअखेर शस्त्रक्रियेच्या गटातली ७७ टक्के मुले फिटमुक्त होती, औषधांच्या गटातली फक्त ७ टक्के. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

तरीही कवटी उघडायची म्हटले की घरातले माणूस हबकते, आणि ते साहजिक आहे. दुसरे असे, की दोष मेंदूच्या खूप आत असेल तर तिथवर पोचताना वाटेतल्या चांगल्या भागाला इजा होण्याची भीती असते. लेसरची कल्पना इथे कामी येते.

लेसर म्हणजे एकाच रंगाचा, एकाच दिशेने जाणारा एकवटलेला प्रकाश. तो पेशींत शोषला गेला की उष्णता निर्माण होते. या उष्णतेने शरीरातली गाठ आतूनच मारता येईल ही कल्पना १९८३ मध्ये स्टीफन बाऊन यांनी मांडली, आणि १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी ती मेंदूच्या गाठीवर वापरल्याचे नोंदवले. पण एक मोठी अडचण होती. कवटीच्या आत नेमके किती तापले आहे, हे कळायचे कसे? झाकण लावलेल्या भांड्यात दूध किती तापले, ते बाहेरून दिसत नाही. मेंदूत ऊतू जाऊन चालत नाही.

हा प्रश्न एमआरआयने सोडवला. एमआरआय यंत्र शरीरातल्या पाण्यातील हायड्रोजनचे संकेत टिपते. पाण्याचे तापमान बदलले की हे संकेतही किंचित बदलतात. त्या बदलावरून संगणक दर काही सेकंदांनी मेंदूच्या त्या भागाचा तापमानाचा नकाशा पडद्यावर काढतो. पुढे अमेरिकेत अशा यंत्रणांना २००७ आणि २००९ मध्ये परवानगी मिळाली, आणि २०१० पासून तिथे मिरगीच्या रुग्णांवर हा उपचार होऊ लागला.

प्रत्यक्षात काय करतात ते सांगतो. रुग्णाला पूर्ण भूल देतात. कवटीला साध्या पेन्सिलीहून बारीक छिद्र पाडतात. संगणकाने आखलेल्या सरळ रेषेत एक नळी दोषाच्या ठिकाणापर्यंत नेतात. ही नळी दोन मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. नळीत काचतंतू असतो, त्यातून लेसर जातो, आणि नळीचे टोक जळू नये म्हणून तिच्याभोवती थंडावा खेळवत ठेवतात. रुग्ण एमआरआय यंत्रात असतो आणि डॉक्टर पडद्यासमोर. साधारण ६० अंशांच्या वर तापमान गेले की पेशी लगेच मरतात, त्याखाली थोडा वेळ लागतो. शेजारी दृष्टीची नस असेल तर तिथे आधीच मर्यादा आखून ठेवतात. तिथले तापमान ठरलेल्या अंशापुढे गेले की लेसर आपोआप बंद पडतो. प्रत्यक्ष तापवण्याचे काम काही मिनिटांचे, तयारीचे मात्र काही तासांचे. शेवटी नळी काढून एखादा टाका घालतात. पुष्कळ रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. मेलेला भाग बाहेर काढत नाहीत, शरीर तो हळूहळू जिरवते.

या उपचाराचा सर्वांत चांगला उपयोग कुठे झाला, ते ऐकण्यासारखे आहे. काही मुलांना हसण्याची फिट येते. आनंद नसतो, विनोद नसतो, मूल मधूनच हसू लागते. वर्गात असे झाले तर मारही खाते. मेंदूच्या तळाशी, अगदी मध्यभागी असलेली एक छोटी जन्मजात गाठ हे त्याचे नेहमीचे कारण. कवटी उघडून तिथे पोचणे अतिशय जोखमीचे. ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी अशा ७१ रुग्णांवर लेसर वापरला, आणि वर्षानंतर ९३ टक्के रुग्णांची हसण्याची फिट थांबलेली होती. काहींना मात्र दोनदा उपचार करावा लागला.

कानाच्या वरच्या भागातून येणारी नेहमीची मिरगी मात्र वेगळी. अमेरिकेतल्या अनेक केंद्रांनी मिळून २३४ रुग्णांची माहिती २०१९ मध्ये दिली. लेसरनंतर ५८ टक्के रुग्णांना त्रासदायक फिट राहिल्या नाहीत. कवटी उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत हेच प्रमाण साधारणपणे दहात सहा-सात असते. म्हणजे लेसरने वेदना कमी, मुक्काम कमी, आणि काही रुग्णांत वस्तूंची नावे आठवण्याची शक्ती अधिक चांगली टिकते. पण फिट थांबण्याच्या बाबतीत जुनी शस्त्रक्रिया मागे नाही, किंचित पुढेच आहे. लेसरलाही जोखीम आहे. रक्तस्राव होऊ शकतो, नजरेचा एखादा कोपरा जाऊ शकतो, सूज येऊ शकते.

मेंदूच्या गाठींचेही असेच. खोलवरची, साधारण तीन सेंटिमीटरच्या आतली गाठ, किंवा किरणोपचारानंतर पुन्हा वाढू लागलेला भाग, यांसाठी लेसर उपयोगी पडतो. त्याच छिद्रातून आधी तपासणीसाठी तुकडाही काढता येतो. पण मोठी गाठ मेंदूला दाबत असेल तर ती काढावीच लागते, कारण लेसरने मारलेली गाठ आधी सुजते. आणि गाठ कर्करोगाची असेल तर लेसरनंतरही किरणोपचार आणि औषधे टळत नाहीत. आणखी एक गोंधळ दूर करतो. 'गॅमा नाइफ' म्हणजे लेसर नव्हे. त्यात बाहेरून किरणोत्सर्गाचा मारा करतात, छिद्रही पाडत नाहीत.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. सीटी स्कॅनच्या रिपोर्टात 'डाग' किंवा 'गाठ' शब्द दिसला की आपल्याकडे घर हादरते. आपल्या देशात फिट येणाऱ्या पुष्कळ रुग्णांच्या मेंदूतला असा एकच लहान डाग फीतकृमीच्या अंड्यांमुळे झालेला असतो. ही अंडी न धुतलेल्या भाजीतून, घाण पाण्यातून, अस्वच्छ हातांतून पोटात जातात. म्हणून पूर्ण शाकाहारी माणसालाही हा आजार होतो. पूर्वी असे डाग क्षयाचे समजले जात. वेल्लोरच्या डॉ. वेदांतम राजशेखर यांच्या कामातून त्यांचे खरे कारण स्पष्ट झाले. यातले बहुतेक डाग औषधोपचारावर किंवा आपोआप जिरतात. त्यांना ना चाकू लागतो, ना लेसर.

आता त्या मुलीकडे येतो.

ते गृहस्थ गेले त्या रात्री मी तिचे जुने कागद काढले. तान्ही असताना तिला तापात खूप वेळ झटका आला होता, हे मीच लिहून ठेवले होते. पुढे आठव्या वर्षी फिट सुरू झाल्या. पहिले औषध पूर्ण मात्रेपर्यंत नेले होते, लागू पडले नाही. दुसरे जोडले होते, तेही पडले नाही. घरच्यांनी एक गोळी चुकवलेली नव्हती. दुसरे औषध ज्या चिठ्ठीवर सुरू झाले, तिच्यावरची तारीख मी पाहिली. त्याला नऊ वर्षे झाली होती. नऊ वर्षे मी तीच चिठ्ठी नव्या कागदावर उतरवत होतो. या काळात तिची शाळा आठवीत सुटली, दोनदा ती चुलीवर भाजली, आणि कापूस वेचायला तिला एकटी पाठवणे आईने बंद केले. फिट महिन्याला चार-पाचच येतात, म्हणजे 'बरे चालले आहे', असे मी समजत होतो. तिला तज्ज्ञाकडे पाठवायला हवे, हे मला सुचले नाही. ते तिच्या वडिलांना वर्तमानपत्राच्या कात्रणामुळे सुचले.

मी त्यांना निरोप पाठवून बोलावून घेतले आणि झाले ते सांगितले. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने एवढेच म्हणाले, "मंग आता कुठं जाचं, ते सांगा."

नागपूरला तिचा एमआरआय झाला. उजव्या बाजूचा हिप्पोकॅम्पस आक्रसलेला होता. समुद्रघोड्यासारखा दिसणारा हा भाग आठवणींशी निगडित असतो. पुढे एका मोठ्या शहरातल्या केंद्रात व्हिडिओ ईईजी झाला, स्मरणशक्तीची चाचणी झाली. लेसरचा विषय मी स्वतः तिथल्या डॉक्टरांकडे काढला. त्यांनी समजावले, की हिच्या बाबतीत दोष उजवीकडे आहे, बोलण्याचे आणि शब्दांच्या आठवणीचे केंद्र डावीकडे आहे. तेव्हा जिचे निकाल अनेक वर्षांचे माहीत आहेत, ती नेहमीची शस्त्रक्रियाच तिला योग्य. तिची कवटी उघडूनच शस्त्रक्रिया झाली. ज्या लेसरसाठी वडील वावर विकायला निघाले होते, तो तिला लागलाच नाही. घरची एक म्हैस मात्र गेली.

आज तिला चौदा महिने फिट आलेली नाही. गोळ्या अजून चालू आहेत, त्या लगेच बंद करायच्या नसतात. मध्यंतरी ती बहिणीबरोबर आली होती. दहावीचा फॉर्म बाहेरून भरायचा आहे, त्यासाठी आजाराचा दाखला हवा होता. मी दाखला लिहिला. मधली नऊ वर्षे मात्र मला कुठल्याच कागदावर भरून देता येणार नव्हती.

लेसर चांगला आहे, आणि काही रुग्णांसाठी फार चांगला आहे. पण तो जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा आहे. आपल्या जिल्ह्यातले रुग्ण अडकून पडतात ते खालच्या पायऱ्यांवर: कुणी भगताच्या दारात, कुणी अर्ध्या गोळीवर, आणि कुणी माझ्यासारख्या डॉक्टरच्या जुन्या चिठ्ठीवर. शस्त्रक्रिया कवटी उघडून करायची की लेसरने, हे तिथले तज्ज्ञ ठरवतील. रुग्णाला तिथवर वेळेत पोचवणे मात्र आपल्या हातात आहे. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी विचारा, आपल्या आजाराचा कोणता उपचार योजनेत बसतो ते.

आणि तुमच्या घरात, शेजारात मिरगीचा रुग्ण असेल, तर आज संध्याकाळी त्याच्या औषधांच्या चिठ्ठ्या काढा. दुसरे औषध कधी सुरू झाले ती तारीख पाहा. त्यानंतर गोळ्या नियमित घेऊनही फिट येत असतील, तर पुढच्या खेपेला डॉक्टरला फक्त चिठ्ठी लिहायला सांगू नका. "आता आम्ही कुठं जायचं?" असे विचारा. डॉक्टर घाईत असला, तर पुन्हा विचारा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)